खिशातील कचेरी

गेल्या मार्च महिन्यात आमच्या कचेरीतील निरुपयोगी वस्तूंची यादी करण्याचे काम आमच्या वाट्याला आले. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी मोडक्या खुर्च्या, बंद पडलेले पंखे आणि जुने छपाईयंत्र यांची मोजदाद करावयाची व त्या वस्तू लिलावासाठी वेगळ्या काढावयाच्या, हा सरकारी कचेऱ्यांतील नित्याचा उपचार आहे. त्या दिवशी एका पोलादी कपाटाच्या तळच्या कप्प्यात, वाळून गेलेल्या शाईच्या गाद्यांच्या सोबतीने, तळहाताएवढे एक काळे यंत्र सापडले. वरच्या अर्ध्या भागात छोटा पडदा, खालच्या अर्ध्या भागात दाटीने बसविलेली इवलीशी बटणे आणि कोपऱ्यात टाचणीच्या माथ्याएवढा एक दिवा. आमच्या विभागातील सर्वांत जुन्या शिपायाने ते तत्काळ ओळखले. हे मोठ्या साहेबांचे ब्लॅकबेरी; याचा लाल दिवा लुकलुकू लागला की साहेब ताटावरून उठत, असे त्याने सांगितले.

यादीत आम्ही 'भ्रमणध्वनी संच, जुना, नग एक' अशी नोंद केली आणि पुढच्या वस्तूकडे वळलो. परंतु त्या लाल दिव्याचा विचार काही केल्या मनातून जाईना. आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण आमच्यासारखेच नोकरीच्या निमित्ताने स्वगृहापासून दूर राहणारे आहेत. निरोप येणे आणि निरोप पोचणे या दोन गोष्टींवर आपल्या आयुष्याचा बराचसा भाग अवलंबून असतो. म्हणून ज्या यंत्राने कचेरीच्या निरोपाची रीतच बदलून टाकली, त्याचा इतिहास येथे थोडक्यात सांगावा असे आम्ही योजिले आहे.

सरकारी कामकाजात कागदाला एक ठरलेला प्रवास असतो. तो आवक विभागात येतो, त्याला क्रमांक पडतो, तारीख पडते आणि मग तो मेजावर येतो. जाणारा कागदही तसाच जावक वहीतून जातो. या व्यवस्थेची थट्टा पुष्कळांनी केली आहे आणि तिच्यातील दिरंगाईचे समर्थन आम्हीही करणार नाही. तथापि तिच्यात एक गुण होता. कागदाला वेळ होती. सायंकाळची डाक निघून गेली, की उद्या सकाळपर्यंत नवे काही येणार नाही, हे साहेबांनाही ठाऊक असे आणि कारकुनालाही. कचेरीच्या भिंती विटांच्या असतात तितक्याच त्या या वेळेच्याही असतात.

ई-मेल आली तेव्हा ही वेळ एकदम नाहीशी झाली, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाही. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे पत्र पाठविले, त्यानंतरची पंचवीसएक वर्षे ई-मेल ही टपाल कचेरीतील पेटीसारखीच होती. पत्र येऊन पेटीत पडे. ते घेण्यासाठी माणसाला पेटीपाशी जावे लागे. संगणक सुरू करावयाचा, टेलिफोनच्या तारेने जोडणी करावयाची आणि काही आले आहे काय हे विचारावयाचे. पत्र वेगाने आले तरी माणूस आपल्या सवडीने जाई. ब्लॅकबेरीने जे केले ते नेमके येथे केले. तिने माणसाला पेटीकडे पाठविण्याऐवजी पेटी माणसाकडे पाठविली.

हे काम केले ते कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या वॉटर्लू या विद्यापीठाच्या गावी. माइक लझारिडिस यांचा जन्म १९६१ साली इस्तंबूल येथे ग्रीक कुटुंबात झाला. ते पाच वर्षांचे असताना कुटुंब कॅनडात येऊन स्थिरावले. वॉटर्लू विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत असता, पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांनी शिक्षण सोडले आणि १९८४ साली डग्लस फ्रेगिन या बालमित्राच्या साहाय्याने 'रिसर्च इन मोशन' ही कंपनी काढली. १९९२ साली जिम बाल्सिली हे हिशेबशास्त्र आणि व्यापार जाणणारे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. एकाने यंत्र घडवावे आणि दुसऱ्याने ते विकावे, अशी ही जोडी पुढे जवळजवळ वीस वर्षे टिकली.

त्या काळी स्वीडनमध्ये मोबिटेक्स नावाची एक बिनतारी यंत्रणा तयार झाली होती. तिच्यावरून बोलता येत नसे, केवळ मजकुराचे लहान लहान तुकडे पाठविता येत. जगाचे लक्ष बोलण्याच्या फोनकडे लागलेले असताना या कंपनीने मजकुराच्या या अरुंद वाटेवर आपले चित्त केंद्रित केले. १९९६ साली तिने दोन्ही बाजूंनी निरोप देऊ-घेऊ शकणारा एक पेजर काढला, १९९८ साली त्याची अधिक सुटसुटीत आवृत्ती काढली आणि जानेवारी १९९९ मध्ये 'ब्लॅकबेरी ८५०' हे यंत्र बाजारात आणले. नाव शोधण्याचे काम तिने नावे सुचविणाऱ्या एका कंपनीकडे सोपविले होते. यंत्रावरील बारीक बटणे पाहून कोणाला तरी फळाच्या दाण्यांची आठवण झाली. ब्लॅकबेरी हे फळ दिसावयास आपल्याकडील काळ्या तुतीसारखे असते. ही उपमा ध्यानात घेतली म्हणजे ते नाव आपल्यालाही परके वाटणार नाही.

पहिल्या ब्लॅकबेरीवर बोलता येत नव्हते, छायाचित्र काढता येत नव्हते, पडद्यावर रंग नव्हता आणि मजकुराच्या जेमतेम सहा-आठ ओळी मावत. घड्याळात किंवा विजेरीत घालतो तसल्या एका साध्या बॅटरीवर ती कित्येक दिवस चाले. मग तिच्यात असे होते तरी काय? तिच्यात कचेरीची पत्रपेटी होती. कचेरीच्या मुख्य संगणकाशेजारी कंपनी आपला एक सर्व्हर बसवी. साहेबांच्या पेटीत पत्र पडले, की हा सर्व्हर त्याची एक प्रत काढी, ती आवळून लहान करी, गुप्तलिपीत घाली आणि कंपनीच्या केंद्राकडे धाडी. ते केंद्र बिनतारी यंत्रणेमार्फत ती प्रत साहेबांच्या खिशातील यंत्राकडे ढकली. यंत्र बंद असेल किंवा साहेब बोगद्यात असतील, तर केंद्र ती सांभाळून ठेवी आणि पुन्हा संपर्क होताच हाती देई. साहेबांनी काहीही मागावयाचे नव्हते. पत्र आपण होऊन येई, यंत्र थरथरे आणि दिवा लुकलुकू लागे.

या रचनेतील काटकसर पाहण्यासारखी आहे. दीर्घ पत्र असेल तर प्रथम त्याचे सुमारे दोन हजार अक्षरांचे तोंड तेवढे पाठवावयाचे. वाचणाऱ्याने पुढील मजकूर मागितला तरच उरलेला पाठवावयाचा. अरुंद वाट, लहान बॅटरी आणि वाचणाऱ्याचा अपुरा वेळ या तिन्ही अडचणींवर हा एकच तोडगा होता. लिहिण्याच्या बाबतीतही हीच दृष्टी होती. दोन अंगठ्यांनी लिहिता येईल असा संपूर्ण कळफलक दिलेला होता. दोनदा मोकळी जागा सोडली की वाक्याचा पूर्णविराम आपोआप पडे आणि पुढचे अक्षर मोठे होई. पत्ता लिहिताना मोकळी जागा सोडली, की त्या ठिकाणी पत्त्यातले नेहमीचे चिन्ह उमटे. बटण जरा वेळ दाबून धरले की अक्षर मोठे होई. ज्याने स्वतः आगगाडीत उभ्याने उत्तर लिहिण्याचा प्रयत्न केला आहे, त्यालाच असल्या सोयी सुचतात.

पत्राच्या अखेरीस, हे पत्र ब्लॅकबेरीवरून पाठविले आहे, अशी एक ओळ यंत्र स्वतःच जोडीत असे. ती कंपनीची जाहिरात होतीच, परंतु तिचे दुसरेही उपयोग झाले. उत्तर तुटक का, शब्द चुकीचे का, याची क्षमायाचना त्या ओळीत आपोआप होऊन जाई. शिवाय आपण मेजापाशी नाही आणि तरीही कामात आहोत, हे ती ओळ न सांगता सांगे. वरच्या वर्तुळात ही एक प्रतिष्ठेची खूण होऊन बसली.

प्रारंभी या यंत्राचे ग्राहक म्हणजे शेअरबाजारातील दलाल, पेढ्यांचे अधिकारी आणि वकील. राज्यकर्त्यांना तिची खरी ओळख पटली ती ११ सप्टेंबर २००१ रोजी. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथे त्या दिवशी हल्ले झाले, तेव्हा सारेच एकमेकांस फोन करू लागल्याने बोलण्याच्या यंत्रणा कोंडल्या. ब्लॅकबेरीचे निरोप मात्र मजकुराच्या निराळ्या वाटेने जात होते. ते पोचत राहिले. त्यानंतर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आपल्या सदस्यांना ही यंत्रे देण्याची व्यवस्था केली. पुढे २००२ साली कंपनीने बोलण्याची सोय असलेले यंत्र काढले. गंमत अशी, की त्यात बोलण्याऐकण्याचे भाग नव्हते. कानाला वेगळे साधन लावूनच बोलावे लागे. बोलणे हे या यंत्राच्या दृष्टीने दुय्यम होते, ते हे असे.

सरकार या यंत्रावर किती विसंबले होते, ते एका खटल्यात उघडकीस आले. बिनतारी ई-मेलवरील आपल्या पेटंटांचे उल्लंघन झाले, असा दावा एन. टी. पी. नावाच्या कंपनीने २००१ साली अमेरिकेत लावला. न्यायालयाकडून ब्लॅकबेरीची सेवाच बंद करण्याचा हुकूम निघण्याची वेळ आली, तेव्हा अमेरिकेच्या न्याय खात्याने मध्ये पडून, असे झाल्यास सरकारी कामकाजास बाधा येईल, असे न्यायालयापुढे मांडले. अखेर मार्च २००६ मध्ये ६१ कोटी २५ लाख डॉलर देऊन तडजोड झाली. त्याच वर्षी 'वेबस्टर्स न्यू वर्ल्ड' या इंग्रजी शब्दकोशाच्या संपादकांनी 'क्रॅकबेरी' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. एका मादक पदार्थाचे नाव आणि या यंत्राचे नाव यांचा तो संकर होता. सोय म्हणून आलेली वस्तू सात वर्षांत व्यसनाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. जानेवारी २००९ मध्ये बराक ओबामा अध्यक्ष झाले, तेव्हा आपली ब्लॅकबेरी सोडावयास ते तयार नव्हते. सुरक्षेचे खास उपाय करून ती त्यांच्यापाशी राहू देण्यात आली.

आता या यंत्राच्या दुसऱ्या करामतीकडे वळू. प्रत्येक ब्लॅकबेरीला आठ चिन्हांचा एक स्वतंत्र क्रमांक असे. २००५ साली कंपनीने 'ब्लॅकबेरी मेसेंजर' सुरू केला. हा क्रमांक ज्यास ठाऊक त्याला पत्राचा थाट न करता चार शब्द थेट धाडता येत. निरोपाशेजारी प्रथम एक खूण उमटे, मग 'पोचला' अशा अर्थाचे इंग्रजी 'डी' हे अक्षर आणि समोरच्याने निरोप उघडला की 'वाचला' अशा अर्थाचे 'आर' हे अक्षर.

ही दोन अक्षरे सामान्य माणसाला किरकोळ वाटतील. ज्याने आवक-जावक सांभाळली आहे, तो मात्र त्यांच्यापाशी थबकल्यावाचून राहणार नाही. पोच म्हणजे कागद दारात आला, एवढेच आजवर मानले जात होते. टपालाने पाठविलेल्या पत्राची पोच सहीनिशी मिळे. परंतु ते पत्र कोणी वाचले, केव्हा वाचले, वाचून मनात काय आले, हे पाठविणाऱ्यास कळण्याचा मार्ग नव्हता. 'कागद मिळाला, पाहतो' या शब्दांत कारकुनाला जो अवकाश मिळतो, तो याच अज्ञानामुळे. 'आर' या एका अक्षराने तो अवकाश संपविला. वाचले आहे आणि तरी उत्तर नाही, हा आता विलंब राहिला नाही. तो अपराध झाला. आमच्या मते ब्लॅकबेरीच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी गोष्ट लाल दिवा ही नसून हे अक्षर होय.

भारतात ही सेवा २००४ साली एअरटेलने आणली. पुढे इतर कंपन्यांनीही ती दिली आणि कचेरीच्या वर्तुळाबाहेर, महाविद्यालयांतील मुलामुलींच्या हातांतही मेसेंजरसाठी ब्लॅकबेरी दिसू लागली. परंतु आपल्या देशात तिचे नाव सर्वतोमुखी झाले ते निराळ्या कारणाने. २००८ च्या प्रारंभीच सरकारने या यंत्रावरील निरोप तपासता येत नाहीत, अशी हरकत घेतली होती. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला मुंबईवर हल्ला झाला आणि या हरकतीला निराळेच गांभीर्य आले. ऑगस्ट २०१० मध्ये सरकारने ३१ तारखेची मुदत घातली: तोवर मार्ग काढा, नाही तर सेवा बंद. संयुक्त अरब अमिरातींनीही त्याच सुमारास अशीच धमकी दिली होती.

या वादाचे मर्म पुष्कळांच्या ध्यानात आले नाही, म्हणून ते सांगणे अवश्य आहे. कचेऱ्यांच्या सेवेत गुप्तलिपीची किल्ली दोघांपाशीच असे: कचेरीत बसविलेल्या सर्व्हरपाशी आणि खिशातील यंत्रापाशी. मधल्या केंद्रातून निरोप जाई तो कुलूपबंद पेटीसारखा. म्हणून कंपनीचे म्हणणे असे, की जी किल्ली आमच्यापाशी नाही ती आम्ही कोठून द्यावी? मेसेंजरची गोष्ट वेगळी होती. तेथे निरोप झाकण्याची किल्ली सर्व यंत्रांत समान होती. ती पेटी कंपनीला उघडणे शक्य होते. म्हणूनच तडजोड झाली ती याच रेषेवर. सामान्य ग्राहकांच्या निरोपांपर्यंत कायदेशीर मार्गाने पोचण्याची सोय सरकारास मिळाली, कंपनीने मुंबईत त्यासाठी व्यवस्था उभारली आणि जुलै २०१३ मध्ये हे प्रकरण मिटले; कचेऱ्यांची कुलूपबंद सेवा मात्र तिच्याबाहेर राहिली. विद्यार्थ्यांच्या गप्पा उघडता याव्यात आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार मिटलेला राहावा, असा या तडजोडीचा अर्थ झाला. त्याच जुलै महिन्याच्या १५ तारखेपासून आपल्या देशातील तारसेवा, सुमारे एकशेसाठ वर्षे चालल्यानंतर, बंद झाली. एका निरोपाला सरकारने निरोप दिला आणि दुसऱ्याशी जमवून घेतले. पण ज्याच्याशी जमवून घेतले त्याचेही दिवस तोवर भरत आले होते.

ऱ्हासाची कारणे यशाच्या कारणांतच दडलेली होती. सारे निरोप कंपनीच्या केंद्रातून जात, हे तिचे बळ होते. १० ऑक्टोबर २०११ रोजी इंग्लंडमधील स्लाव येथील केंद्रात बिघाड झाला; युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका आणि भारत येथील निरोप अडले आणि पुढे अमेरिकेपर्यंत तुंबारा पोचला. तीन-चार दिवस जगातील मोठमोठ्या माणसांचे दिवे विझून राहिले. दुसरीकडे, जानेवारी २००७ मध्ये ॲपलने आयफोन दाखविला. त्यावर बटणे नव्हती आणि लिहिणे कष्टाचे होते, म्हणून ब्लॅकबेरीच्या कर्त्यांना त्याची धास्ती वाटली नाही. परंतु लोकांना यंत्रावर केवळ उत्तर लिहावयाचे नव्हते. त्यांना पाहावयाचे होते, ऐकावयाचे होते, नकाशा शोधावयाचा होता. तिसरीकडे, २००९ साली व्हॉट्सॲप निघाले. कोणत्याही कंपनीच्या फोनवर चालणारे हे साधन स्वस्त होते आणि पोचल्या-वाचल्याच्या खुणाही त्यात पुढे आल्या. ब्लॅकबेरीने मात्र आपला मेसेंजर २०१३ पर्यंत स्वतःच्या यंत्रांपुरताच राखला. कुंपण घालून ठेवलेल्या विहिरीशेजारी कोणी सार्वजनिक नळ बसवावा, तसा हा प्रकार झाला.

जानेवारी २०१२ मध्ये लझारिडिस आणि बाल्सिली दोघेही कारभारातून बाजूस झाले. २०१३ साली नवी यंत्रे आली आणि कंपनीनेही 'ब्लॅकबेरी' हेच नाव घेतले. २०१६ साली तिने स्वतः फोन तयार करणे सोडल्याचे जाहीर केले. सामान्य ग्राहकांचा मेसेंजर ३१ मे २०१९ रोजी बंद झाला आणि ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या यंत्रांना लागणारी मागची सेवाही थांबली. आमच्या कपाटात सापडलेले यंत्र त्या दिवसापासून खऱ्या अर्थाने निरुपयोगी वस्तूंच्या यादीत बसले.

यंत्र गेले, परंतु इतिहास तेथे संपत नाही. ब्लॅकबेरी ही वरच्यांची वस्तू होती. तिच्यासोबत मोठे वेतन होते, मान होता, गाडी होती. रात्री अकरा वाजता निरोप आला तर तो निर्णय घेणाऱ्यास आला. कारकुनास ती कधी मिळाली नाही आणि ती मिळावी अशी त्याची इच्छाही नसावी. पुढे साधे फोन स्वस्त झाले आणि त्यांत लाल दिवा, आपोआप येणारे पत्र, पोच आणि वाचल्याची खूण, हे सारे आले. यंत्र वरच्यांपाशीच राहिले. सवय मात्र उतरत उतरत शेवटच्या मेजापर्यंत आली. आज आमच्या विभागाच्या व्हॉट्सॲप समूहावर रात्री साडेदहाला 'उद्या दहापर्यंत माहिती द्यावी' असे फर्मान येते. सोळा जणांनी ते वाचले, हेही पाठविणाऱ्यास तेथेच दिसते.

यावर कोणी म्हणेल, की सरकारी नोकर हा चोवीस तासांचा नोकर. हे म्हणणे निराधार नाही. १९२२ पासून लागू असलेल्या मूलभूत नियमांपैकी अकराव्या नियमाप्रमाणे, वेगळी तरतूद नसेल तर, सरकारी नोकराचा सगळा वेळ त्यास वेतन देणाऱ्या सरकारच्या स्वाधीन असतो. हा नियम शंभर वर्षे आहे. परंतु त्याचा अंमल अंतराने सौम्य केला होता. साडेपाचनंतर कारकुनास शोधावयाचे तर शिपायाने सायकलवरून त्याच्या घरी जावयास हवे; आणि शिपाई पाठविण्यापूर्वी साहेबांस, हे काम उद्यावर टाकता येईल काय, असा विचार करावा लागे. तो विचार हीच कारकुनाची सुटी होती. नियम बदलला नाही. केवळ शिपायाची सायकल गेली.

अन्यत्र याचा विचार झाला आहे. डिसेंबर २०११ मध्ये फोक्सवॅगन या जर्मन मोटार कंपनीने आपल्या काही कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरींवर, काम संपल्यानंतर अर्ध्या तासाने पत्रे पाठविणे थांबवावे आणि दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्यापूर्वी अर्धा तास पुन्हा सुरू करावे, असे कामगार प्रतिनिधींशी ठरविले. ज्या सर्व्हरने कचेरीची वेळ मोडली त्यालाच ती पाळावयास लावण्याचा हा प्रयत्न होता. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, मोठ्या आस्थापनांनी कामाबाहेरच्या वेळेतील संदेशांबाबत कर्मचाऱ्यांशी बोलणी करावीत, असा कायदा आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये या आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही, परंतु प्रश्न संसदेच्या कागदपत्रांत नोंदला गेला. जावक वही ठेवणाऱ्याला नोंदीचेही मोल कळते.

हे सारे लिहिताना आम्ही केवळ त्रयस्थ नाही, हे कबूल केले पाहिजे. दोन वर्षांमागे असेच रात्री-अपरात्री येणारे निरोप असह्य होऊन आम्ही एके दिवशी फोन बंद करून निजलो. सकाळी तो सुरू केला तेव्हा विभागाचे नऊ निरोप होते आणि त्यांच्याखाली गावाहून थोरल्या बंधूंचा एक. वडिलांना रात्री एक वाजता इस्पितळात नेले होते. आम्ही मिळेल त्या गाडीने निघालो. दीड दिवसाच्या त्या प्रवासात बंधूंच्या त्या निरोपाकडे आम्ही किती वेळा पाहिले असेल, याची गणती नाही. तो निरोप रात्री पावणेदोनला निघाला होता आणि वाचला सकाळी सात वाजता. वडील सावरले. त्यांनी या गोष्टीचा पुढे कधी उल्लेख केला नाही, बंधूंनीही नाही. दोष कोणाचा, हे आम्ही ठरवू शकलो नाही. एवढेच उमगले, की दूर राहणाऱ्यास घर आणि कचेरी ही दोन्ही एकाच लहानशा दारातून भेटतात. त्यामुळे एकास दार लावावे तर दुसरेही बाहेर राहते.

पूर्वी तसे नव्हते. कचेरीची डाक कचेरीत येई आणि घरचे पत्र घरी. तार आली तर ती कोणाची, हे हातात घेण्यापूर्वीच छातीला कळत असे. ती व्यवस्था संथ होती, पुष्कळदा निष्ठुरही होती, कारण तार दोन दिवस उशिरा पोचल्याने मायबापांचे अंत्यदर्शन हुकलेली माणसे आपणा सर्वांच्या घराण्यांत आहेत. त्या काळाकडे परत जावे, असे आम्हास वाटत नाही. वडिलांचा निरोप पावणेदोनला निघाला आणि फोन सुरू करताच हाती आला, हे वॉटर्लूच्या त्या अभियंत्यांनी दाखविलेल्या वाटेचेच फळ आहे. तो आम्ही सातपर्यंत वाचला नाही, हेही त्याच वाटेचे फळ आहे.

त्यानंतर आम्ही फोन बंद करीत नाही. विभागाच्या समूहाचा आवाज तेवढा मिटवितो आणि साडेपाचनंतर आलेल्या निरोपास दुसऱ्या दिवशी नऊ वाजता उत्तर देतो. साहेबांनी एकदा विचारले, रात्री वाचले होते ना? आम्ही म्हटले, होय साहेब, वाचले होते. उत्तर कचेरीत आल्यावर दिले. त्यावर ते काही बोलले नाहीत.

निरुपयोगी वस्तूंच्या यादीवर समितीच्या तिन्ही सभासदांच्या सह्या झाल्या आहेत. त्या यंत्रापुढील 'सद्यःस्थिती' या रकान्यात आम्ही प्रथम 'बंद' असे लिहिले होते. मागाहून विचार करून ते खोडले आणि 'संच बंद' असे लिहिले. तपासणाऱ्याने त्यातील फरक विचारला नाही.